कर्ता कोण?

दर महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी दुपारी आमच्या कंपनीच्या ट्रेनिंग रूममध्ये मी दहा-बारा मुलामुलींना प्रेझेंटेशनचं इंग्रजी शिकवतो. 'शिकवतो' हा शब्द जरा मोठा झाला. मी इंग्रजीचा मास्तर नाही. तासगाव तालुक्यातली मराठी शाळा, इंग्रजी पाचवीपासून, मग मेकॅनिकलचा डिप्लोमा, आणि त्यानंतर आधी भोसरीत आणि मग चाकणला नोकरी, सगळी क्वालिटी विभागात. पण या वर्षांत परदेशी कस्टमरपुढे इतक्या वेळा उभा राहिलोय, की नवीन पोरांना साहेब लोक माझ्याकडे पाठवतात.

मुलं पहिल्या दिवशी वही उघडून बसतात आणि म्हणतात, "सर, वाक्यं द्या." मी देतो. वाक्यं लागतातच, ती नाहीत म्हणून हुशार माणसं गप्प बसलेली मी पाहिली आहेत. पण तिसऱ्या-चौथ्या तासाला मी त्यांच्याच स्लाइड छापून आणतो आणि प्रत्येक वाक्यातल्या कर्त्याखाली लाल रेघ मारायला सांगतो. मुलं हसतात. शाळेतलं व्याकरण सुटलं म्हणून तर इंजिनिअरिंगला आलो, असं एकजण म्हणाला. पाच मिनिटांनी हसू थांबतं, कारण अर्ध्याअधिक वाक्यांत रेघ मारायला काही सापडतच नाही.

ही सवय मला कशी लागली, ते आज लिहितोय. इतकी वर्षं लिहिलं नाही, कारण त्यात मी काही फार बरा दिसत नाही.

२००८ साली कंपनीने आम्हा सहा जणांना चिंचवडच्या एका संध्याकाळच्या क्लासला घातलं. शिकवणाऱ्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या होत्या. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या पिढीतल्या. सुती साडी, हातात खडूचा डबा, आणि 'कॉर्पोरेट ट्रेनिंग' या शब्दाबद्दल थोडी मिश्कील नापसंती. त्यांनी पहिल्याच दिवशी दोन झेरॉक्स कागद दिले. चार रकाने आणि प्रत्येक रकान्यात सात-आठ वाक्यं.

पहिला रकाना सुरुवातीचा. 'गुड मॉर्निंग, अँड थँक यू फॉर युवर टाइम' झालं की लगेच, 'आय अ‍ॅम गोइंग टु कव्हर थ्री पॉइंट्स.' दुसरा रकाना वळणांचा: 'दॅट कव्हर्स द प्रॉब्लेम. लेट मी मूव्ह ऑन टु द कॉज.' तिसरा, चित्र किंवा आलेख दाखवण्याचा: 'धिस चार्ट शोज...', 'द रेड लाइन इज लास्ट इयर.' चौथा समारोपाचा आणि प्रश्नोत्तरांचा: 'टु सम अप', 'इफ आय अंडरस्टँड युवर क्वेश्चन करेक्टली', आणि सगळ्यात उपयोगी वाक्य, 'आय डोन्ट हॅव दॅट फिगर विथ मी. आय विल सेंड इट बाय थर्सडे.'

बाई म्हणाल्या, "वाचणाऱ्याला पान मागे उलटता येतं. ऐकणाऱ्याला येत नाही. म्हणून बोलणाऱ्याने रस्त्यावर पाट्या लावायच्या. आपले कीर्तनकार काय करतात? पूर्वरंग संपला, आता उत्तररंग, हे कळतं की नाही तुम्हाला? मध्ये विठ्ठलनामाचा गजर होतो, तेवढ्यात माणसं सावरून बसतात. इंग्रजी राहू द्या, आधी पाट्या लावा."

मला हे एकदम पटलं. आमच्या गावात सप्ताह व्हायचा आणि दोन तासांचं कीर्तन ऐकून आलेली माझी आजी घरी आल्यावर ते क्रमाने सांगायची. कंपनीतल्या पंचवीस मिनिटांच्या प्रेझेंटेशनमधून बाहेर पडलेल्या माणसाला मात्र दारातच विचारा, मधलं काही आठवत नसे.

त्या चार रकान्यांनी माझी भीती गेली, हे खरं. इंग्रजी बोलताना भीती वाटते ती पुढचं वाक्य सुचणार नाही याची. पुढचं वाक्य ठरलेलं असलं की मधल्या चुका लोक पोटात घालतात. जर्मन लोक तर जास्तच घालतात, कारण इंग्रजी त्यांचीही नाही. आमचा कस्टमर जर्मनीतला होता. त्यांच्या 'इव्हेंच्युअली'ने आम्हाला एकदा महिनाभर फसवलं. जर्मनमधला 'एव्हेंटुएल' म्हणजे 'कदाचित', आणि इंग्रजीतला 'इव्हेंच्युअली' म्हणजे 'शेवटी होणारच'. त्यांचा माणूस म्हणाला की ऑर्डर इव्हेंच्युअली वाढेल, आणि आमच्या साहेबांनी जादा मशीनचं कोटेशन मागवलं.

आमच्या चुकाही कमी नव्हत्या. आकडे म्हणजे तर खड्ड्यांचा रस्ता. एकदा मी सांगितलं, रिजेक्शन 'बाय टू परसेंट' खाली आलं. खरं तर ते सहावरून दोनवर आलं होतं. म्हणजे 'टू टू परसेंट', पण हे दोन 'टू' पाठोपाठ तोंडात अडकले म्हणून मी 'बाय' म्हणालो. ते चारवर आलं असं समजून त्यांनी नाराजीची मेल पाठवली. मराठीत 'दोन टक्क्यांनी' आणि 'दोन टक्क्यांवर' यात कधी चूक होत नाही. 'ने' आणि 'वर' आपल्या हाडात आहेत. इंग्रजीत मात्र ते दोन चिमुकले शब्द मी सुटे पाठ केले नव्हते. तेव्हापासून मी दोन्ही टोकं सांगतो: 'फ्रॉम सिक्स परसेंट टु टू परसेंट.'

तसंच 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी'. तीन पायांच्या स्पीकरफोनवरून पंधरा हजार नग अडकवून ठेवलेत असं सांगितलं, तर तिकडे पन्नास हजार ऐकू गेले. आता मी 'वन फाइव्ह, फिफ्टीन' असं म्हणतो, आणि आकडा स्लाइडवरही असतोच. लाख-कोटी तिकडे चालत नाहीत. जर्मनीत दशांशाच्या जागी स्वल्पविराम असतो आणि हजाराच्या जागी टिंब, त्यामुळे त्यांच्या ड्रॉइंगवरचा १,८५ हा आकडा म्हणजे आपला १.८५. तारीख आकड्यांत लिहू नये, महिन्याचं नाव लिहावं. ही सगळी शहाणपणं एकेका मेलच्या फटक्याने आलेली आहेत.

पण बाईंची एक गोष्ट मी त्या वेळी नीट ऐकली नाही. एका संध्याकाळी त्यांनी आमचेच जुने रिपोर्ट मागितले आणि फळ्यावर त्यातली वाक्यं लिहिली. 'इट वॉज ऑब्झर्व्हड दॅट...', 'डिसिजन वॉज टेकन...', 'डिले हॅज हॅपन्ड...'. मग विचारलं, "शाळेत प्रयोग शिकलात ना? कर्तरी, कर्मणी, भावे? आणि भावेमध्ये एक अकर्तृक असतो. उजाडलं. सांजावलं. गडगडतंय. कोणी केलं? कोणीच नाही, आपोआप झालं. तुमच्या कंपनीत सगळं असं उजाडतं आणि सांजावतं."

आम्ही हसलो. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "भट्टीत पार्ट तापवला जातो, मशीनवर धुतला जातो, तिथे कर्ता नसला तरी चालेल. कोणी बटण दाबलं याच्याशी कोणाला देणंघेणं नाही. पण जिथे माणसाने काही ठरवलं, तिथे माणूस लिहायचा. एवढं एक पाळा, बाकी 'ए' आणि 'द' चुकले तरी मी माफ करेन."

मी वहीत लिहून घेतलं. बाकीच्या टिपांसारखंच.

पुढच्या वर्षी, २००९च्या मार्चमध्ये, ते प्रकरण घडलं. घडलं म्हणजे काय, ते पुढे येईलच.

आम्ही इंधनवाहिनीच्या जोडणीत लागणारा एक छोटा स्टीलचा कनेक्टर बनवायचो. करंगळीच्या पेराएवढा. त्याच्या अंगावर एक गोल खाच असते, तीत रबराची ओ-रिंग बसते, आणि तीच इंधन गळू देत नाही. खाचेची खोली १.८५ मिलिमीटर, वरखाली चालणार पाच शतांश. सीएनसी लेथवर हा पार्ट ज्या कॉलेटमध्ये पकडतात ते कॉलेट झिजलं, की पार्ट फिरताना किंचित डुलतो. मग खाच एका बाजूला खोल जाते आणि दुसऱ्या बाजूला उथळ राहते. एकाच जागी मोजलं तर कदाचित बरोबर भरेल, फिरवून मोजलं तर कळेल.

त्या मशीनवर एक मामा होते. शॉपवर वयस्क माणसाला मामाच म्हणायचे सगळे, मीही. चौदा वर्षं त्याच कंपनीत, सातवी पास. मशीनच्या आवाजावरून त्यांना टूल कधी बदलायचं ते कळायचं. रात्रपाळीत त्यांनी मशीन बंद केली आणि सुपरवायझरला सांगितलं, कॉलेट गेलंय. स्टोअरमध्ये दुसरं कॉलेट नव्हतं, खरेदीची ऑर्डर तीन आठवडे सहीसाठी पडून होती. सकाळी आठला गाडी निघणार होती. सुपरवायझरने मला बोलावलं. मी पाच नग घेतले, खोली मोजली, एकेका जागी. पाचही बसले. मी सही केली आणि मशीन पुन्हा चालू झाली.

मे महिन्यात जर्मनीहून तक्रार आली. त्यांच्या जोडणी लाइनवर गळती सापडली होती.

अशा तक्रारीला उत्तर द्यायची ठरलेली पद्धत आहे, एट-डी. आठ पायऱ्या: टीम बनवा, दोष नीट सांगा, तात्पुरता आळा घाला, मूळ कारण शोधा, कायमचा उपाय ठरवा, तो अमलात आणा, पुन्हा होणार नाही याची सोय करा, आणि शेवटी टीमचं कौतुक करा. फोर्ड कंपनीने १९८७ साली ही पद्धत पुस्तिकेत बांधली. गंमत म्हणजे पॉवरपॉइंटही त्याच वर्षी बाजारात आलं, आधी मॅकिंटॉशसाठी. तेव्हापासून मोटारींच्या धंद्यातली पापं आठ पायऱ्यांत आणि दहा-बारा स्लाइडमध्ये धुतली जातात.

चौथी पायरी खरी. तिथे 'का' हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचा असतो, टोयोटाचे लोक पाच वेळा म्हणतात. आमच्या क्वालिटी हेडनी दुसऱ्या 'का'लाच ब्रेक मारला. वर्क इन्स्ट्रक्शनमध्ये लिहिलेलं होतं की मशीनचा आवाज किंवा कंपन वेगळं वाटल्यास ऑपरेटरने मशीन थांबवावी. मशीन चालली, पार्ट बिघडले. म्हणजे ऑपरेटरने सूचना पाळली नाही. "एवढं पुरे," साहेब म्हणाले. "कॉलेट नव्हतं म्हणालो तर परचेसपासून वरपर्यंत सगळी भानगड निघेल. आणि तुझी सही आहे, विसरू नकोस."

मी विसरलो नव्हतो. मला तर ते बरंच वाटलं.

मी बाईंच्या चार रकान्यांनी ते प्रेझेंटेशन बांधलं. सुरुवात, वळणं, आलेख, समारोप, सगळ्या पाट्या जागच्या जागी. आणि कारणाच्या स्लाइडवर: 'वर्क इन्स्ट्रक्शन वॉज नॉट फॉलोड. ऑपरेटर हॅज बीन काउन्सल्ड.' खोटं असं एकही वाक्य नव्हतं. मामांना खरंच ऑफिसात बोलावून समज दिली होती. त्यांच्या फाइलला एक वॉर्निंग लेटर लागलं होतं आणि त्यांना मशीनवरून काढून पॅकिंगला बसवलं होतं. हे सगळं 'काउन्सल्ड' या एका शब्दात मावलं.

तो माझ्या आयुष्यातला पहिला असा कॉल, ज्यात मी एकदाही अडखळलो नाही. शेवटी तिकडच्या इंजिनिअर बाईंनी एक प्रश्न विचारला. "हू डिसायडेड टु कंटिन्यू?" तीन सेकंद शांतता. मग मी म्हणालो, "डिसिजन वॉज टेकन बेस्ड ऑन इन्स्पेक्शन रिझल्ट्स." त्या "ओके" म्हणाल्या. तो 'ओके' मला अजून ऐकू येतो. त्यात पटल्याचा स्वर नव्हता. लिहून घेतल्याचा होता.

साहेबांनी पाठ थोपटली. कॅन्टीनमध्ये मामा भेटले. ते म्हणाले, "फोनवर लई झकास बोललात म्हणं, साहेब. पोरं सांगत होती." त्यांना त्यातलं काय काय माहीत होतं, मला कळलं नाही. मी म्हणालो, "हो, झालं एकदाचं." उजाडलं, सांजावलं, तसं झालं.

ऑगस्टमध्ये तीच तक्रार पुन्हा आली. होणारच होती. कॉलेट बदललं होतं, पण ते कधी झिजलं हे तपासायची काही सोयच आम्ही लावली नव्हती. आमच्या रिपोर्टाप्रमाणे कॉलेटला काही झालंच नव्हतं ना. आणि आवाज ओळखणारा माणूस पॅकिंगला खोकी बांधत होता.

त्या आठवड्यात मी रात्री जागून पुष्कळ वाचलं. त्यातच कोलंबिया यानाच्या चौकशीचा अहवाल हाती लागला. कल्पना चावला ज्यात गेली ते यान. १ फेब्रुवारी २००३ रोजी परतताना ते फुटलं आणि सातही अंतराळवीर गेले, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत आहे. मला माहीत नव्हतं ते हे, की त्या अहवालात एका पॉवरपॉइंट स्लाइडवर चर्चा आहे. उड्डाणाच्या वेळी टाकीवरचा फोमचा तुकडा निखळून डाव्या पंखावर आदळला होता. यान वर फिरत असतानाच अभियंत्यांनी त्यावर प्रेझेंटेशन दिलं. एका स्लाइडचा मथळा वाचला तर वाटावं, सगळं ठीक आहे. आणि सगळ्यात खालच्या ओळीत, बारीक अक्षरात, असं होतं की आपण चाचण्या केल्या त्या तीन घन इंचाच्या तुकड्यांवर आणि हा तुकडा १,९२० घन इंचाचा आहे. ६४० पट मोठा. एडवर्ड टफ्टी या आकडेवारीच्या अभ्यासकाने त्या स्लाइडची चिरफाड केली आहे. 'सिग्निफिकंट' किंवा 'सिग्निफिकंटली' हा शब्द त्या एका स्लाइडवर पाच वेळा येतो आणि दर वेळी त्याचा अर्थ निराळा निघतो, हे त्याने दाखवलं.

म्हणजे माहिती होती, खोटं कोणी बोललं नव्हतं, पण मुख्य गोष्ट ऐकणाऱ्यापर्यंत पोचली नाही. आमच्या कनेक्टरची तुलना त्याच्याशी करायची मला लाज वाटते. पण इंधन गळणारी गाडी ही काही फार निरुपद्रवी वस्तू नसते. आमचे पार्ट लाइनवरच पकडले गेले, यात आमची काही करामत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रेकॉर्ड रूममधून मार्चचं शिफ्ट रजिस्टर काढलं. मामांची नोंद त्यात होती. निळ्या पेनने, मोठ्या अक्षरात, मात्रा वेलांट्या जमतील तशा. त्यात तारीख होती, वेळ होती, मशीनचा नंबर होता. पुढे लिहिलं होतं: कॉलेट झिजलं आहे, पार्ट डुलतोय. मी मशीन बंद केली. सुपरवायझरला सांगितलं. ते म्हणाले चालू ठेवा. क्वालिटीचे साहेब आले, पाच पार्ट मोजले, सही केली. मी मशीन चालू केली.

मी तिथेच उभा राहून ती नोंद तीनदा वाचली. इन-मिन सहा-सात वाक्यं, आणि प्रत्येकात कोणी काय केलं ते लिहिलेलं. शेवटच्या वाक्यात त्यांनी स्वतःलाही सोडलं नव्हतं. बाईंनी दोन महिने जे शिकवलं, ते या माणसाने पहाटे साडेतीनला तेलकट हातांनी लिहून ठेवलं होतं. आणि मी त्याला 'काउन्सल' केलं होतं.

क्वालिटी हेडकडे गेलो. म्हणालो, या वेळी हे रजिस्टरचं पान स्लाइडवर लावू. ते चिडले. "घरची धुणी कस्टमरपुढे धुवायची? तुला नोकरी करायची आहे ना?" मी म्हणालो, तिसऱ्यांदा तक्रार आली तर कोणाचीच राहणार नाही. दोन दिवस घासाघीस झाली, आणि ती सगळी सर्वनामांवरून. सुपरवायझरला एकट्याला पुढे करायचं नाही, तिथे 'वी' म्हणायचं, हे मी मान्य केलं. त्याच्यावर गाडीचा दबाव आणणारे आम्हीच होतो. जिथे मी मोजलं आणि सही केली, तिथे 'आय' म्हणणार, हे मी सोडलं नाही. आणि 'द ऑपरेटर' असं नाही, 'अवर ऑपरेटर' असं म्हणायचं.

या 'वी'ची एक गंमत आहे. मराठीत 'आम्ही' वेगळं आणि 'आपण' वेगळं. इंग्रजीत दोन्हींना 'वी'. 'वी नीड टु इम्प्रूव्ह' म्हटलं की समोरचा विचारात पडतो, म्हणजे मीपण का? म्हणून मी 'वी, अ‍ॅट अवर प्लँट' असं म्हणायला लागलो. हे बाईंच्या रकान्यात नव्हतं.

दुसरं प्रेझेंटेशन सात स्लाइडचं होतं. पहिल्याची वाक्यं मला आठवत नाहीत, याची अजून पाठ आहेत. 'इन मे वी टोल्ड यू धिस वॉज ऑपरेटर एरर. दॅट वॉज राँग.' मग रजिस्टरचं पान, आणि बाजूला ओळीला ओळ लावून त्याचं इंग्रजी. 'अवर ऑपरेटर स्टॉप्ड द मशीन. वी टोल्ड हिम टु कंटिन्यू. आय मेझर्ड फाइव्ह पार्ट्स, अ‍ॅट वन पॉइंट ओन्ली. आय रिलीज्ड द लॉट.' पाचवीतल्या मुलाला यावीत अशी वाक्यं. एवढी सोपी वाक्यं बोलताना माझ्या घशाला जेवढी कोरड पडली, तेवढी कुठल्याच 'फर्दरमोअर'ला पडली नव्हती. त्यानंतर उपाय: कॉलेटचं आयुष्य नगांवर मोजायचं, स्टोअरमध्ये कायम दोन शिल्लक, खाच मोजायची ती पार्ट पूर्ण फिरवून. आणि ऑपरेटरने बंद केलेली मशीन चालू करायची तर कारण लिहून सही करायची, नाव वाचता येईल अशी.

तिकडच्या बाईंनी या वेळी वीस मिनिटं प्रश्न विचारले. माझी दोन उत्तरं 'बाय थर्सडे'ची होती. शेवटी त्या म्हणाल्या, "थँक यू. नाऊ आय अंडरस्टँड."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. छाननीचा सगळा खर्च कस्टमरने आमच्या नावावर टाकला आणि सहा महिने दर आठवड्याला कॉल लावला. माझी त्या वर्षीची वाढ नावापुरती झाली. साहेब बदली होईपर्यंत माझ्याशी कामापुरतं बोलले. पण ती तक्रार पुन्हा आली नाही.

मामांचं लेटर मागे घ्यावं म्हणून मी एचआरच्या मागे लागलो. दिवाळीच्या आसपास त्यांना इंग्रजीत टाइप केलेला एक कागद मिळाला. तो घेऊन ते जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे आले. "काय लिवलंय बघा की, साहेब."

एकच वाक्य होतं. अमुक तारखेचं पत्र मागे घेतलं गेल्याचं समजण्यात यावं. मी मराठीत सांगितलं.

त्यांनी कागद परत घेतला, त्याच्याकडे बघत म्हणाले, "कोणी घेतलं माघारी, ते नाय लिवलेलं?"

"नाही, मामा."

"आन् दिलं कोणी हुतं, ते?"

"तेही नाही."

ते काही बोलले नाहीत. घडी घालून कागद खिशात ठेवला. मला वाटलं आता जातील, पण ते बाकावर बसले. मी म्हणालो, "मामा, चूक झाली." ते माझ्याकडे बघत राहिले. मी म्हणालो, "माझ्याकडून चूक झाली." ते तरीही बघतच होते, रागाने नाही, मशीनचा आवाज ऐकताना बघायचे तसे.

मग मी म्हणालो, "मी चुकलो. मी एकाच जागी मोजलं, मी सही केली, आणि फोनवर मी तुमचं नाव पुढे केलं."

"हां," मामा म्हणाले. डबा उघडला आणि अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवली.

त्यांना पुन्हा मशीनवर बोलावलं होतं. ते गेले नाहीत. पॅकिंगला पाय दुखत नाहीत, म्हणाले. निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. मात्र नवीन पोरं कॉलेटचा आवाज ऐकवायला त्यांना ओढून न्यायची, आणि ते जायचे.

बाईंना हे सगळं सांगायचं राहून गेलं. हे वाक्य असं लिहिलं आणि थांबलो. राहून गेलं नाही, मी गेलो नाही. चिंचवडला जायला मला कधी वेळ नव्हता असं नाही.

परवाच्या शनिवारी एका मुलीने स्लाइड दाखवली. उशीर झालेल्या एका प्रोजेक्टची. 'टाइमलाइन हॅज बीन इम्पॅक्टेड.' मी लाल पेन तिच्याकडे दिलं. ती बराच वेळ वाक्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सर, यात माझे बॉसच येतात हो."

वर्ग हसला. मी तिला म्हणालो, की मग घाई करू नकोस. आधी तुझा भाग लिही, 'आय'ने सुरू होणारा. बॉसचं काय करायचं, ते पुढच्या तासाला बघू.